हिंगळाईचा नंबर

"कुंदाबाय, लिही," इक्बालभाय केबिनमधून ओरडला. "वायरलेसचा नंबर. चार, एक, नऊ..."

मी बाहेर जाळ्यांच्या ढिगावर बसून मुलीच्या जुन्या वहीत आकडे उतरवत होते. बोट दाभेखारच्या धक्क्याला बांधलेली होती, श्रावणातलं ऊन मध्येच येत होतं, मध्येच जात होतं, आणि माझा नवरा दिगंबर इंजिनाच्या खोलीत कमरेपर्यंत उतरून एका नटाला शिव्या घालत होता. नवऱ्याचं नाव घेते म्हणून लोकांना खटकतं. खटकू दे. पूर्वी मीही 'हे' म्हणायचे.

"आता या दुसऱ्या पेटीचा घे, बोट कुठं हाय ते किनाऱ्याला कळवते ती." नऊ आकडे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "शेवटचे तीन-तीन वाच बघू दोन्हीचे."

"वायरलेसला तीन-एक-आठ. पेटीला सात-सात-दोन."

इक्बालभाय दारात आला. चष्मा कपाळावर, दोन स्क्रू ओठांत. आमच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या बोटींचे वायरलेस त्याच्या हातचे. माणूस बोलायला लागला की कुठल्या बोटीवरून बोलतोय ते सेटच्या खरखरीवरून ओळखायचा.

"बोट एक नि नंबर दोन," तो म्हणाला. "बाय, तुझ्या बापानं हा सेट आणला कुठून?"

"सुरतेकडच्या कुठल्याशा मोडीत काढलेल्या बोटीवरचा. स्वस्तात मिळाला म्हणून."

"तरीच. म्हणजे इतकी वर्षं म्हातारा दुसऱ्याच्या नावानं हाका मारत होता."

मला हसू आलं. बाबांचं सगळंच तसं. बोटीचं नाव मात्र त्यांनी कुणाचं उसनं घेतलं नव्हतं. 'हिंगळाई', आमच्या कुळाची देवी. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. या श्रावणाच्या आधीच्या वैशाखात माझ्या धाकट्या भावाने, हरूने, ही बोट माझ्या नवऱ्याला विकली. बाजारात ज्या किमतीला नुसतं इंजिन मिळत नाही त्या किमतीला. अख्खं बंदर म्हणत होतं, भाऊ असावा तर असा. मीही म्हणत होते. जरा जास्तच मोठ्याने म्हणत होते.

इक्बालभायने वही हातात घेऊन मला समजावलं. प्रत्येक बोटीला सरकारकडून एक नऊ आकडी नंबर मिळतो. संकटात बटण दाबलं की माणसाचं बोलणं पोचो न पोचो, नंबर पोचतो, आणि किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममध्ये त्या नंबरापुढे जे नाव नि जो फोन लिहिलेला असेल तिकडे चौकशी जाते. बाबांच्या कागदावर सात-सात-दोन होता, म्हणजे पेटी बरोबर आणि वायरलेस चूक.

"वायरलेस मी जुळवून देतो. पण या सेटात नंबर दोनदाच घालता येतो आणि एकदा कुणीतरी घातलेला हाय. आता चुकलं तर सेट कंपनीकडं. तेव्हा तू वाच, मी घालतो, मग मी वाचतो, तू तपास."

आम्ही तो एक नंबर पाच वेळा वाचला. लग्नाच्या याद्या करताना वाचत नाहीत इतक्या वेळा.

"झालं," इक्बालभाय म्हणाला. "आता यंत्रं एका सुरात बोलतात. मालकाचं नाव तेवढं ऑफिसात बदललं का बघा. ते माझं काम नाय."

दिगंबर वर आला होता. चिंध्यांना हात पुसत म्हणाला, "नाय बदललं. त्याला हरूची सही लागते. तिथं मालक अजून तोच."

"मग घ्या की सही," मी म्हटलं. "हरू काय परका हाय?"

"बोललोय मी त्याला. तू ये म्हणतो संध्याकाळी. तुम्ही बहीणभाऊ बसून बोला."

सहीसाठी बसून काय बोलायचं, हे तेव्हाच मनात यायला हवं होतं. नाही आलं.

मला त्या नंबराचं एवढं का पडलं होतं ते सांगायला हवं. चार वर्षांमागे दिगंबर दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट चालवणारा मुख्य. तीही बोट जुनी घेतलेली. थंडीच्या दिवसांत पहाटे तिची फळी फुटली. दिगंबरने लाल बटण दाबलं. बटणाने आपलं काम चोख केलं. कंट्रोल रूममधून फोनही गेला, पण गेला तो जुन्या मालकाला, कारण नाव कुणी बदललंच नव्हतं. त्या मालकाने दरवाजातून बाहेर पाहिलं. त्याच्याकडे आता दुसरी बोट होती, ती वाळूवर ओढलेली होती. "आमची बोट घरीच हाय साहेब," तो म्हणाला आणि चहा प्यायला बसला. बटण चुकून दाबलं गेलं अशी नोंद झाली. दिगंबर डिझेलचा रिकामा कॅन धरून अकरा तास पाण्यात होता. गजा नावाचा खलाशी त्याच्या शेजारी होता, सातव्या तासाला नव्हता.

ते अकरा तास माझ्या अंगातून कधी गेलेच नाहीत. त्यानंतर दिगंबर समुद्रावर गेला की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. वारा जरा फिरला की मी धक्क्यावर. बायका हसायच्या, 'कुंदाचं ध्यान बघा' म्हणायच्या. हसू देत. वैशाखात बोट घरात आली तेव्हा मी नारळ हातात धरून सांगितलं होतं, नंबर आपल्या नावावर झाल्याशिवाय ही बोट बंदर सोडणार नाही. सोडली तर मी धक्क्यावरून उडी घेईन. दिगंबरने तेव्हा नुसती मान हलवली होती.

संध्याकाळी माहेरी गेले. माहेर म्हणजे काय, गल्लीच्या त्या टोकाला. वहिनीने चहा ठेवला आणि ती आत गेली ती गेलीच. हरू झोपाळ्यावर. चार वर्षांनी लहान. माझ्या कडेवर वाढलेला. समुद्राचं आणि त्याचं लहानपणापासून वाकडं, बोटीत पाय ठेवला की उलट्या. त्याने पर्यटकांसाठी गाड्या ठेवल्या होत्या आणि बरं चाललं होतं.

"ताई, सही आत्ता करतो," तो म्हणाला. "पत्र टाईप करून ठेवलंय. पण तुझं काम मी करतो, तसं माझं एक काम तू कर."

"बोल की."

त्याने टीपॉयवर कागद सरकवला. वर शिक्का, खाली 'हक्कसोडपत्र'. मी दहावी शिकलेली. वाचता येतं मला.

बोट बाबांनी जाण्याआधीच हरूच्या नावावर केलेली. ती सोडली तर आमच्याकडे बाबांचं दोनच. घर, आणि घरामागे समुद्राला लागून वाळवणाचं खळं. बाबा नेहमी म्हणायचे, घर हरूचं, खळं कुंदाचं. म्हणायचे, लिहून ठेवलं नाही. बाबा गेल्यावर कागदावर दोघांची नावं लागली, तिथे मी निश्चिंत झाले. लग्नाआधीपासून मी त्या खळ्यात बोंबील घालत होते. आईने शेणाने सारवून ठेवलेली जमीन ती. दर थंडीला मी आणि वाडीतल्या चार बायका तिथे जवळा, बोंबील, मांदेली वाळवायचो. नवऱ्याच्या कमाईतून घर चालायचं, पण माझ्या हातात जे यायचं ते खळ्यातून यायचं. त्यातून मुलीची फी, त्यातून माझं डोळ्यांचं ऑपरेशन. तिथे मी कुणाची बायको नव्हते, कुणाची बहीण नव्हते.

"खळं पण यात आलंय हरू," मी म्हटलं.

"सगळंच आलंय. घर काय, खळं काय, एकाच गटात हाय. मला मागं दोन खोल्या काढायच्यात गिऱ्हाइकांसाठी. कर्ज मिळतंय, पण बँक म्हणते बहिणीची सही आणा."

"आणि मी बोंबील कुठं घालू? तुझ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर?"

"ताई, मी तुला कधी नाय म्हणणार हाय का? घाल की बाजूला. कागद काय, नावाला."

"नावाला हाय तर मग ऱ्हाऊ दे ना माझं नाव."

तो हसला नाही. झोपाळा थांबवून म्हणाला, "सगळ्या बहिणी देतात. पौर्णिमेला भावाची साडी घेतात नि सही देतात. मी तर तुझ्या नवऱ्याला बोट दिली. कुठल्या भावानं दिली सांग."

"दिलीस? विकलीस."

"कुठल्या किमतीला विकली ते भावोजींना विचार," तो म्हणाला.

मी चहा तसाच ठेवून उठले.

घरी येऊन दिगंबरला सगळं सांगितलं. वाटलं होतं, भडकेल. तो जाळ्याचा दोरा दातात धरून बसला होता. शांतपणे म्हणाला, "तुझ्या बापाचं हाय. तू म्हणशील तसं. मी एका शब्दानं बोलणार नाय."

केवढं बरं वाटलं मला.

"मग सहीचं कसं?"

"नाय मिळत तर नाय." दोरा तोडून त्याने गाठ मारली. "तसंच जाऊ. इतकी वर्षं लोक जातातच. बटण दाबायची पाळी आली तर हरूला फोन जाईल. तो घेईल. नाय घेतला तर नाय घेतला."

एवढंच बोलला, आणि दोऱ्याचं पुढचं टोक सुईत ओवायला लागला. त्याचा हात जराही हलला नाही. हे मला आज आठवतं. त्या दिवशी मला फक्त दरवाजात चहा पिणारा तो जुना मालक दिसत होता, आणि त्याचं तोंड हरूचं होतं.

गुरुवारी दिवसभर मी घरात चालत राहिले. दुपारी खळ्यात जाऊन आले. पावसाळ्यात तिथे काही नसतं, नुसते बांबू आणि गवत. बांबूंची टोकं मोजली, उगाच. दिगंबरला म्हटलं, "मी स्वतः ऑफिसात जाऊन विचारते, सहीशिवाय काही होतं का." तो म्हणाला, "विचारलं मी. नाय होत." म्हटलं, "पुन्हा विचारू." तो म्हणाला, "जा की. पण पौर्णिमा मंगळवारी. बुधवारी सगळ्या बोटी निघणार. त्यांच्यामागं मी किती दिवस धक्क्यावर बसू? सात खलाशांना उचल दिलीय."

संध्याकाळी मी हरूला निरोप पाठवला, सही देते.

शुक्रवारी हरूच्याच गाडीतून आम्ही तालुक्याला गेलो. पुढे हरू आणि दिगंबर, मागे मी आणि वहिनी. वहिनी वाटभर खिडकीतून बाहेर बघत होती. रजिस्टर ऑफिसात पंखा होता आणि गर्दी होती. वकिलाने कागद भराभर वाचून दाखवला. 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता.' साहेबांनी मान वर न करता विचारलं, "बाई, कुणाचा दबाव नाही ना?"

"नाय," मी म्हटलं.

"राजीखुशीने?"

"राजीखुशीने."

मशीनवर अंगठा ठेवला, फोटो काढला. साक्षीदार दोन लागतात. एक हरूचा ड्रायव्हर. दुसरी सही दिगंबरने केली. त्याचं अक्षर तसं कोंबडीच्या पायांचं, पण त्या दिवशी त्याने नाव फार जपून काढलं. मला त्याची दयाच आली. म्हटलं, याला किती वाईट वाटत असेल.

बाहेर आल्यावर हरूने खिशातून बोटीचं पत्र काढून मला दिलं. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी पर्समध्ये आणि पर्स छातीशी धरली. खळं गेलं होतं, पण दिगंबर आता एकटा नव्हता. खरं सांगते, परतताना मला हलकं वाटत होतं.

"दे ते पत्र," दिगंबर शनिवारी म्हणाला. "इक्बालभायकडं देतो, तो पाठवील."

"तो ते काम करत नाय. तोच म्हणाला."

"मग मी जातो सोमवारी."

"सोमवारी तुमचा बर्फ भरायचा. मी जाते."

"कशाला धावतस उगाच? बोट पौर्णिमेनंतर निघणार. होईल ते सावकाश."

सावकाश! परवाच्या गुरुवारी याच माणसाला एक दिवस थांबवत नव्हतं. सोमवारी पहाटेची एसटी धरली. मला ते नाव माझ्या डोळ्यांनी बदललेलं बघायचं होतं. त्यात संशय नव्हता. अकरा तास ज्याने धक्क्यावर काढलेत त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांचा भरवसा वाटत नाही, एवढंच.

जिल्ह्याच्या ऑफिसात सावंत म्हणून क्लार्क होते. निवृत्तीला आलेले, सभ्य माणूस. त्यांनी पत्र वाचलं, उलटून पाहिलं.

"हे कशासाठी आणलंत?"

"बोटीचा मालक बदलायचा. हिंगळाई. शेवटी सात-सात-दोन."

त्यांनी कॉम्प्युटरवर आकडे मारले. मग पडदा माझ्याकडे वळवला. "बदललाय की. दिगंबर काशिनाथ चोगले. तुमचे कोण?"

"नवरा."

"बारा जूनला झालंय. ही बघा विकणाऱ्याची सही, ही घेणाऱ्याची. दोघे बरोबर आले होते, मला आठवतंय. तुमच्याकडचे आंबे दिले होते मला."

मी पडद्याकडे बघत राहिले. सही हरूचीच होती, शेवटचा फराटा लांब ओढलेला. तिच्याखाली कोंबडीचे पाय.

"काही चुकलंय का बाई?" सावंतांनी विचारलं.

"नाय. सगळं बरोबर हाय."

"एक राहिलंय." त्यांनी बोटाने दाखवलं. "किनाऱ्यावर कुणाला कळवायचं, तिथे अजून तुमच्या भावाचाच फोन आहे. मिस्टर म्हणाले होते, असू दे सध्या."

का असू दे, ते मला तिथल्या तिथे समजलं. माझा फोन घातला असता तर मेसेज मला आला असता. जूनमध्येच आला असता.

"माझा घाला," मी म्हटलं.

त्यांनी घातला. पर्समध्ये फोन थरथरला. मी तो काढून पाहिलाही नाही.

एसटीने घरी यायला तीन तास लागतात. त्या तीन तासांत मी रडले असेन असं तुम्हाला वाटेल. नाही रडले. शेजारी एक बाई उलटी करत होती, तिला मी लिंबू दिलं.

दिगंबर बोटीवर होता. दोघे खलाशी बर्फाच्या लाद्या खाली सरकवत होते. माझं तोंड बघून त्याने त्यांना चहाला पाठवलं. मी पत्र त्याच्यासमोर बर्फाच्या खोक्यावर ठेवलं.

"बारा जून," मी म्हटलं.

तो पत्राकडे बघत राहिला. मग खाली बसला. बरं झालं, खोटं बोलला नाही. तेवढं तरी केलं.

"वैशाखातच ठरलं होतं," तो म्हणाला. "हरू म्हणाला, या किमतीला बोट घ्या, पण पौर्णिमेच्या आत ताईची सही झाली पाहिजे. आपल्याला दुसरी बोट कुठून मिळणार होती कुंदा? मी जन्मभर दुसऱ्याच्या बोटीवर राबायचं?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर दिली असतीस?"

मला ठाऊक होतं. नसती दिली.

"तेच मी हरूला म्हटलं. ती नाय ऐकायची. तो म्हणाला, ती कशाला ऐकेल ते तुम्ही शोधा. तुमची बायको हाय."

"आणि तुम्ही शोधलंत."

दिगंबर बर्फाकडे बघत होता. बर्फाचं पाणी त्याच्या पायाखालून वाहत होतं.

"दुसऱ्या कशासाठी तू सही केली नसतीस," तो हळूच म्हणाला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, मला तेव्हा कळलं. भावाने जमीन घेतली, घेऊ दे, भाऊ घेतातच. पण मी या माणसासाठी चार वर्षं घशात जीव धरून बसत होते, आणि हा ते बघत होता, मोजत होता, आणि वेळ आली तेव्हा त्याने ते बाजारात नेऊन विकलं. माझ्याकडे त्याच्यासाठी त्याहून चांगलं काही नव्हतं.

"बोट तुझी पण हाय," तो म्हणाला.

"कागदावर?"

खलाशी चहा पिऊन परत येत होते. मी पदर खोचला आणि धक्क्यावर उतरले.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. पताका, ताशे, सगळं बंदर नटलेलं. हिंगळाईच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हळदकुंकू मालकाच्या बायकोने लावायचं असतं. सात खलाशांच्या बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काय पाप केलं होतं? मी हळदकुंकू लावलं, आरती केली, नारळ दिगंबरच्या हातात दिला. तो माझ्याकडे बघत होता, मी नारळाकडे.

मग हरू आला. राखी बांधून घेतली, आणि सगळ्यांसमोर ताटात साडी ठेवली. भारी होती. जरीचा काठ, मोरपंखी रंग. बायका पुढे सरकून बघायला लागल्या.

"उचल ताई," हरू म्हणाला.

"ठेव तुझ्याजवळ," मी म्हटलं. "मी साडीवर सही नाय दिली. मला कमी किमतीची बाई समजू नकोस."

बायकांना वाटलं मी थट्टा करते. त्या हसल्या. हरू हसला नाही, वहिनी तर आधीच मागे वळली होती. साडी तिच्याच अंगावर पुढे दिवाळीत दिसली. दिवाळीपर्यंत खळ्यात पाया खणून झाला होता. आम्ही पाच बायकांनी त्या थंडीत बोंबील रस्त्याच्या कडेला घातले. गाड्यांची धूळ बसायची, भाव निम्मा मिळायचा.

घर मी सोडलं नाही. सोडून जायला जागा लागते, ती लिहून दिली होती. भाकरी भाजायचे, वाढायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. दिगंबर काही दिवस घुटमळला, मग त्यालाही सवय झाली. माणसाला सगळ्याची सवय होते.

त्याच वर्षी कार्तिकात वादळ आलं. दुपारपासून वारा फिरला आणि सगळ्या बायका धक्क्यावर धावल्या. मी घरी तांदूळ निवडत होते. शेजारची पार्वती धापा टाकत आली, तिचा नवरा आमच्याच बोटीवर खलाशी. "कुंदे, चल! हिंगळाईचा वायरलेस लागत नाय!" ती असं म्हणत होती तेवढ्यात माझा फोन वाजला. कंट्रोल रूममधून होता.

"या बोटीचं लाल बटण दाबलं गेलंय. बोट समुद्रात आहे की बंदरात? चुकून दाबलं असेल का?"

"नंबर सांगा," मी म्हटलं.

त्यांनी सांगितला. मी शेवटपर्यंत ऐकला.

"आमचीच. समुद्रात आहे. तांडेल धरून आठ माणसं. चुकून दाबलेलं नाय, माणसं पाठवा."

फोन ठेवला आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. पार्वती उंबऱ्यावर बसून रडत राहिली, मी तिला पाणी दिलं. दोन तासांनी पुन्हा फोन आला. इंजिन बंद पडून बोट भरकटली होती. दोरखंड लावलाय, आठही माणसं ठीक आहेत.

पार्वतीने देवाला हात जोडले. मग डोळे पुसून माझ्याकडे बघत बसली. मी दोन तासांत तांदूळ निवडून संपवले होते आणि डाळ घेतली होती.

"कुंदे," ती म्हणाली, "तुझा हात पण कापला नाय गो फोन घेताना. आधी तर जरा वारा सुटला की धक्क्यावर धावायचीस. तुला आता भीती नाय वाटत?"

"वाटायची," मी म्हटलं. "त्या शुक्रवारी खळ्याबरोबर तीसुद्धा लिहून दिली."